गाडी कोणाचीही असू द्या, वेळापत्रक सरकारकडेच पाहिजे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. एसटी महामंडळ दहा हजार कोटींच्या वर तोट्यात गेलंय, जनतेचा पैसा अजून किती दिवस ओतणार, बंद करा नाहीतर विकून टाका, जिथे गिऱ्हाईक आहे तिथे गाडी आपोआप येतेच, असा एकूण सूर होता. पत्र तळमळीने लिहिलेलं होतं, आणि तोट्याचा आकडाही खरा आहे, जून २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी श्वेतपत्रिका काढली त्यात तो आलाय. पण ते "गाडी आपोआप येतेच" वाचलं आणि राहवलं नाही, कारण ती कुठे येते आणि कुठे येत नाही हे मी रोज डोळ्यांनी बघतो. पत्र जरा लांबेल, जमेल तेवढं छापा.

मी जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावाला आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, एसटी स्टँडच्या गेटसमोरच दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमिलेअर, सातबारा, आधार, झेरॉक्स, जे लागेल ते. सरकार मला पगार देत नाही, दाखल्यामागे कमिशन मिळतं, दुकानाचं भाडं माझं, कॉम्प्युटर माझा, लाईट बिल माझं, म्हणजे मी पूर्ण खासगी माणूस आहे आणि काम मात्र सरकारी करतो. म्हणून सगळं सरकारनेच केलं पाहिजे असं म्हणणाऱ्यातला मी नाही, तसं म्हटलं तर माझंच दुकान बंद करावं लागेल. पूर्वी एका दाखल्यासाठी माणूस तहसीलला हेलपाटे मारायचा आणि शेवटी एजंट गाठायचा, ते दिवस मी पाहिलेत. सेवा केंद्रं आली आणि त्यात फरक पडला हे कोणीही कबूल करेल.

पण फरक का पडला ते बघा. दाखल्याचा दर मी ठरवत नाही, सरकारने ठरवून दिलाय आणि तो बोर्डावर लावणं मला बंधनकारक आहे. किती दिवसांत दाखला द्यायचा तेही ठरलेलं, सही सरकारी अधिकाऱ्याचीच, तक्रार कुठे करायची तेही लिहिलेलं. आता हेच उद्या कोणी म्हटलं की दर ठरवायचं बंधन काढून टाका, केंद्रचालक आणि गिऱ्हाईक आपसात बघून घेतील, तर जून महिन्यात काय होईल? दहावी-बारावीचे निकाल लागलेत, ॲडमिशनची तारीख तोंडावर आलीये, पोरगं आणि बाप दोघं दारात उभे आहेत आणि तालुक्यात मोजकी केंद्रं, मग सांगेल तो दर. त्या बापाला दुसरीकडे जायला वेळच नसतो. आजसुद्धा बोर्डापेक्षा जास्त पैसे घेणारे आमच्या धंद्यात आहेत, त्यांच्यावर कारवाई होते ती बोर्ड आहे म्हणूनच. म्हणजे काम खासगी माणसाने केलं तरी चालतं, पण दर, वेळ आणि जबाबदारी सरकारच्या हातात राहिली तरच चालतं, हे मी माझ्या रोजच्या धंद्यातून सांगतोय.

त्या वाचकाने मोबाईलचं उदाहरण दिलंय. बरोबर आहे, सरकारी फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे आणि खासगी कंपन्या आल्यावर फोन स्वस्त झाला, हातोहाती आला. पण मोबाईलच्या धंद्यात एक टॉवर उभा राहिला की त्यावर हजारो लोक बोलतात आणि एका कंपनीने त्रास दिला तर माणूस नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जातो. पाड्यावरच्या बसचं असं होत नाही. सकाळी पंधरा-वीस माणसं, दुपारी दोन-चार, संध्याकाळी परत पंधरा-वीस, एवढ्या लोकांत एक गाडी धड पोसली जात नाही तिथे दोन गाड्यांची स्पर्धा कुठून येणार? स्पर्धाच नसेल तर खुल्या बाजाराचा जो फायदा सांगतात तो मिळणार कसा? जळगाव-पुणे लाईनला स्पर्धा आहे, मान्य, एकापेक्षा एक स्लीपर गाड्या आहेत, खुशाल असू द्या. मी बोलतोय ते तालुक्यापासून आत दहा-वीस-तीस किलोमीटरच्या गावांबद्दल.

आणि हे अंदाजाने बोलायची गरज नाही, कारण महाराष्ट्रात हा प्रयोग एकदा झालेला आहे, फक्त त्याला कोणी प्रयोग म्हटलं नाही. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, नोव्हेंबरमध्ये एकामागून एक डेपो बंद पडले आणि सरकारने अधिसूचना काढून खासगी गाड्यांना प्रवासी वाहतुकीची परवानगी दिली, अगदी एसटी स्टँडवरून. शेवटी हायकोर्टाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हा म्हणून सांगितलं तेव्हा सगळं सुरळीत व्हायला लागलं. म्हणजे पाच-सहा महिने बाजार जवळपास मोकळा होता. परमिटचा अडथळा नाही, एसटीची फारशी स्पर्धा नाही, प्रवासी तर रस्त्यावर उभे, यापेक्षा चांगली संधी खासगीवाल्याला कधी मिळणार? तर काय झालं, आमच्या स्टँडवर पुणे, नाशिक, सुरत, जळगावच्या गाड्या लागल्या, भुसावळच्या लागल्या, बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या लागल्या. डोंगराच्या कडेच्या गावांना एकही मोठी गाडी गेली नाही. काळीपिवळी आणि इको जायच्या, त्याही भरली की सुटणार या हिशोबाने, म्हणजे सात जणांच्या गाडीत तेरा-चौदा बसल्यावर, मग ती दहाला सुटो की साडेअकराला.

कोरोनानंतर ग्रामीण भागातल्या शाळा नुकत्याच, ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या होत्या. दीड वर्ष घरी बसलेली पोरं जेमतेम महिनाभर वर्गात बसली आणि एसटी बंद झाली. मुलं कोणाच्या मोटरसायकलवर, ट्रॅक्टरवर, कशीही यायची. मुली यायच्या बंद झाल्या. तेरा माणसं कोंबलेल्या गाडीत, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला दोन जण, अशा गाडीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला कोण बाप रोज पाठवणार? आणि पाठवायचं म्हटलं तरी पैसे रोख, पास नाही. एसटीच्या विद्यार्थी पासात तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्यात प्रवास होतो आणि शाळेत जाणाऱ्या मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे. तो पास काळीपिवळीवाला कसा घेईल, त्याला सरकारकडून त्याचे पैसे थोडेच येतात, त्याची चूक नाही त्यात. संप मिटल्यावर माझ्याकडे ज्या ओळखीच्या मुली बोनाफाईडच्या झेरॉक्सला यायच्या त्यातल्या काही परत दिसल्याच नाहीत, दोघींची तर लग्नं झाल्याचं नंतर कळलं. त्याला एकटी बसच कारण असं मी म्हणणार नाही, कोरोना होता, घरची परिस्थिती होती, पण बस चालू असती तर घरातलं एक कारण तरी कमी झालं असतं.

हे वाचून कोणी असं समजू नये की मी संपाच्या विरोधात आहे. चालक-वाहकांचे पगार तुटपुंजे होते, तेही वेळेवर होत नव्हते, त्यांची बाजू खरी होती. मी एवढंच दाखवतोय की रस्ता मोकळा सोडला तेव्हा बाजार कुठपर्यंत आला आणि कुठे थांबला.

आता मुक्कामी गाडीबद्दल सांगतो, शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी डेपोतून निघालेली शेवटची गाडी, जी लाईनच्या टोकाच्या गावात रात्री थांबते आणि पहाटे तिथूनच पहिली फेरी घेऊन परत येते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, ग्रामपंचायतीने खोली दिली तर खोलीत, नाहीतर मंदिराच्या ओट्यावर नाहीतर गाडीतच. सकाळी सहाच्या आत गाडी सुरू होते आणि इंजिनच्या आवाजावर लोक घराबाहेर पडतात. आमच्या भागातल्या अशा एका गाडीत कोण असतं ते मला पाठ आहे, कारण ती माझ्या दुकानासमोर रिकामी होते. आयटीआयची पोरं, नर्सिंगला जाणाऱ्या मुली, दुधाचे कॅन, केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायका, तारखेला कोर्टात जाणारा एखादा, आणि एक म्हातारे बाबा जे दिवसाआड जळगावला डायलिसिसला जायचे, सुनेला सोबत घेऊन. बाबांना गाडी चुकवून चालायचं नाही कारण तिकडे मशीनचा नंबर ठरलेला, उशीर झाला तर त्या पाळीवर दुसरा पेशंट घेतात.

ही गाडी मध्ये बंद केली होती. कारण दिलं भारमान कमी. भारमान म्हणजे गाडीच्या जागांपैकी किती जागांचे पैसे आले त्याची टक्केवारी, आणि ज्या गाडीत निम्मे पासवाले, बाकी अर्ध्या तिकिटावरच्या बायका आणि पंच्याहत्तरीच्या वरचे फुकट बसणारे म्हातारे, त्या फेरीचं उत्पन्न किती दिसणार, डिझेलसुद्धा सुटत नसेल. शिवाय मुक्कामाचा भत्ता, गाडी रात्रभर अडकलेली. कागदावर बघणाऱ्या साहेबाला ती फेरी नकोशी वाटणारच. ग्रामपंचायतीने ठराव दिले, निवेदनं दिली, त्यातली दोन-तीन मीच टाईप करून दिलीत, बऱ्याच महिन्यांनी गाडी परत सुरू झाली. पण मुद्दा असा की सरकारी महामंडळ होतं म्हणून निवेदन द्यायला जागा तरी होती. आगार व्यवस्थापकाला भेटता आलं, विभाग नियंत्रकाला भेटता आलं, आमदारांना जाऊन सांगता आलं की अधिवेशनात विचारा. ट्रॅव्हल्सवाल्याने एखादी फेरी बंद केली तर कोणाकडे जाणार? तो म्हणेल परवडत नाही, आणि त्याचं खरंच असेल.

मध्य प्रदेश आमच्यापासून जवळ आहे, आमच्या कित्येकांच्या सोयरिकी तिकडे आहेत, म्हणून तिकडचं मी जास्त जवळून पाहिलंय. तिथल्या सरकारने २००५ मध्ये तोट्याचं कारण देऊन त्यांचं राज्य परिवहन महामंडळ बंद करायचा निर्णय घेतला आणि काही वर्षांत सगळी वाहतूक खासगी मालकांकडे गेली. तोटा वाचला का, कागदावर वाचला. पण बस कुठे आहेत तर बऱ्हाणपूर-खंडवा-इंदूर अशा हायवेवर, तिथे भरपूर, एकमेकांच्या पुढे पळणाऱ्या. रस्ता सोडून आत शिरलं की रिक्षा नाहीतर स्वतःची मोटरसायकल. माझी बहीण तिकडच्या एका खेड्यात दिलीये, ती माहेरी येते तेव्हा तिला बऱ्हाणपूरपर्यंत पोचवायला घरातला कोणीतरी माणूस लागतो आणि बऱ्हाणपूरला आपली एसटी मिळाली की ती फोन करते, "दादा, गाडीत बसले". म्हणजे परराज्यातल्या बाईला मध्य प्रदेशातून निघताना महाराष्ट्राची एसटी हा आधार वाटतो. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याच मध्य प्रदेश सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा नावाने सरकारी देखरेखीखाली बससेवा परत सुरू करायला मंजुरी दिलीये. वीस वर्षांनी. त्यात गाड्या खासगी लोकांच्याच राहणार आहेत, पण रूट कोणता, वेळ कोणती, देखरेख कोणाची हे सरकारी कंपनी बघणार. म्हणजे सगळं सोडून दिल्यावर त्यांना कळलं की निदान एवढं तरी आपल्या हातात पाहिजे होतं. मधल्या वीस वर्षांत तिकडच्या आतल्या गावांचं जे झालं ते झालं, आणि बंद केलेले डेपो, कारागीर, ड्रायव्हर आता एका मंजुरीने परत येत नाहीत.

खुल्या बाजाराचं माहेरघर म्हणावं अशा इंग्लंडमध्येसुद्धा हेच झालंय. तिकडे थॅचर बाईंच्या सरकारने १९८५ चा कायदा करून ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून बाकी देशात बस मोकळ्या केल्या, कोणीही यावं, हवा तो रूट घ्यावा, हवं ते भाडं लावावं. लंडनमध्ये मात्र तसं केलं नाही, तिथे पुढे बस चालवायला खासगी कंपन्या आल्या पण टेंडर भरून, आणि रूट, भाडं, वेळापत्रक सरकारी संस्थेच्या हातात राहिलं. एकाच देशात दोन पद्धती शेजारी शेजारी चालल्या. लंडनमध्ये बसने जाणारे वाढले, बाकी शहरांत घटत गेले. शेवटी मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लंडनसारखी पद्धत आणली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सगळ्या बस परत सार्वजनिक नियंत्रणाखाली आल्या. जवळपास चाळीस वर्षं लागली. तरी तिकडे लोकांकडे पैसा आहे, घरोघरी कार आहे. आमच्याकडे ज्याची बस गेली त्याचं कॉलेज गेलं, दवाखाना गेला.

आता काही जण म्हणतील मग ठीक आहे, लंडनसारखं करू, गाड्या भाड्याने घेऊ, वेळापत्रक आपलं. इथे मला मुंबईच्या बेस्टचं सांगायचंय, कारण नुसतं वेळापत्रक हातात ठेवून भागत नाही असं तिथे दिसलं. बेस्टने वेट लीजवर बस घेतल्या, म्हणजे गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर त्याचा, डिझेल-मेंटेनन्स त्याचा, आणि बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे देणार. ऐकायला चांगलं आहे, किलोमीटरवर पैसे मिळाले की प्रवाशांसाठी पळापळ करायची गरज नाही, रिकामी फेरी असली तरी गाडी जाणार. २०१९ मध्ये कामगार संघटनेशी करार झाला होता की बेस्टने स्वतःच्या ३३३७ गाड्या कायम ठेवायच्या. त्या राहिल्या नाहीत, जुन्या गाड्या भंगारात जात गेल्या आणि त्यांच्या जागी भाड्याच्या येत गेल्या. ठेका मिळवायला दर कमी भरला की वाचवायचं कुठे, तर ड्रायव्हरच्या पगारात, ट्रेनिंगमध्ये आणि मेंटेनन्समध्ये. काही ठेकेदार मध्येच परवडत नाही म्हणून सोडून गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेक्यावरच्या ड्रायव्हरनी पगारासाठी संप केला तेव्हा मुंबईच्या मदतीला एसटीच्या लाल गाड्या पाठवाव्या लागल्या. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला जो भयानक अपघात झाला ती गाडीही भाड्याचीच होती आणि ड्रायव्हरला त्या इलेक्ट्रिक गाडीची पुरेशी सवय नव्हती, हे तेव्हा सगळ्यांनी वाचलंय. म्हणून माझं म्हणणं असं आहे की थोड्या गाड्या भाड्याने घ्या, पण स्वतःच्या गाड्या, स्वतःचे ड्रायव्हर आणि स्वतःचं वर्कशॉप एवढं तरी ठेवा की ठेकेदार उद्या पळाला तरी सकाळची गाडी सुटली पाहिजे. एसटीला दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथे स्वतःच्या बॉडी बांधणाऱ्या कार्यशाळा आहेत, असं ज्ञान एकदा गेलं की विकत मिळत नाही. एसटीच्या एसी शिवशाही गाड्यांच्या वेळीही भाड्याच्या गाड्यांचा अनुभव घेऊन झालाय. १३१० गाड्या भाड्याने घ्यायचं जे टेंडर होतं त्यात महामंडळाचं किती नुकसान झालं असतं याची चर्चा झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला मुख्यमंत्र्यांना ते थांबवावं लागलं, तेही लक्षात ठेवा.

एसटीची बाजू घेतोय म्हणजे एसटीत सगळं छान आहे असं नाही. आमच्या स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीत पाय ठेववत नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या गाड्या आहेत, खिडकीच्या काचा नाहीत, घाटात बंद पडणाऱ्या गाड्या आहेत. कुठली फेरी रद्द झाली हे चौकशी खिडकीवर विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारलं की तिथला माणूस अंगावर येतो. खरेदीत, जागांच्या करारात काय काय चालतं याबद्दल लोक बोलतात ते सगळंच खोटं नसणार. आता एसटीच्या मोक्याच्या जागा ९८ वर्षांच्या कराराने विकासकांना द्यायचं धोरण आलंय, त्यावर तर प्रत्येक तालुक्यात लोकांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं पाहिजे, वर मॉल आणि खाली कोपऱ्यात दोन फलाट असं व्हायला वेळ लागणार नाही.

पण तोट्याचं बोलताना तोटा आला कुठून तेही बोला ना. एसटी तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारला भरत आली आहे. म्हणजे शंभर रुपयांच्या भाड्यावर साडेसतरा रुपये सरकारजमा, आणि वर तेच सरकार म्हणणार की तुम्ही तोट्यात आहात. ट्रॅव्हल्सवाल्याच्या प्रत्येक तिकिटामागे असा हिशोब होत नाही. मग सवलती. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तर वर्षांवरच्यांना मोफत, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, विद्यार्थी, अपंग, दुर्धर आजाराचे पेशंट, स्वातंत्र्यसैनिक, असे जवळपास तीस प्रकार आहेत. मला या सवलती आवडतात, महिलांच्या अर्ध्या तिकिटाने तर काळीपिवळीत कोंबून जाणाऱ्या कितीतरी बायका परत एसटीत बसायला लागल्या, हे मी स्टँडवर बघितलंय. पण सवलत जाहीर करतं सरकार, फोटो छापून येतो सरकारचा, आणि त्याचे पैसे महामंडळाला वेळेवर द्यायचे म्हटलं की फाईल फिरत राहते. पैसे थकले की डिझेलवाल्याचे थकतात, स्पेअर पार्टवाल्याचे थकतात, पगार लांबतो, गाडी वर्कशॉपमध्ये टायर नाही म्हणून उभी राहते, फेरी रद्द होते, प्रवासी दुसरीकडे जातो आणि तोटा अजून वाढतो. मग कोणीतरी पेपरात पत्र लिहितो की विकून टाका. पोलीस ठाण्याला किती तोटा झाला असं आपण विचारत नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेला यंदा नफा किती असंही विचारत नाही. पाड्यावरची पहाटेची गाडी त्याच खात्यात धरली पाहिजे आणि जळगाव-पुण्याची शिवनेरीसारखी गाडी धंद्याच्या खात्यात. दोन्हींचा हिशोब एकत्र केला म्हणून सगळा गोंधळ आहे.

आणि भाड्याचं काय, बाजार भाडं कमी करतो म्हणतात. दिवाळीच्या चार दिवसांत पुण्याहून खान्देशात किंवा विदर्भात यायचं ट्रॅव्हल्सचं तिकीट ज्याने काढलंय त्याला विचारा. खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही असा सरकारचा आदेश एप्रिल २०१८ पासून आहे. दीडपट कशाची, तर एसटीच्या भाड्याची! म्हणजे ट्रॅव्हल्सवाल्याला आवर घालायची पट्टीसुद्धा एसटीच आहे. उद्या एसटी नसली तर दीडपट कशाची मोजणार? आज पुण्याच्या स्टँडवर जादा गाड्या लागतात म्हणून ट्रॅव्हल्सचा भाव कुठेतरी थांबतो, तरी तो आदेश किती पाळला जातो ते सगळ्यांना माहीत आहे. एसटी स्वतः रोज पन्नास लाखांच्या वर लोकांना नेते, ते लोक एका दिवसात कोणाच्या दारात जाऊन उभे राहणार याचा विचार विकून टाका म्हणणाऱ्यांनी केलाय का?

एसटी सुरू व्हायच्या आधी महाराष्ट्रात खासगी बसच होत्या हेही लोक विसरतात. तेव्हा वेळ नाही, भाड्याचा नियम नाही, गाडी भरेपर्यंत हलायची नाही, एकमेकांचे प्रवासी पळवायचे, असा सगळा कारभार होता, म्हणून आधी १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि मग १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली. ती कोणाच्या विचारसरणीचा हट्ट म्हणून सुटली नव्हती. मोकळा बाजार बघून, त्रास सोसून लोकांनी मागितलेली गोष्ट होती ती.

माझ्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत. प्रवासी कर माफ करा, निदान खेड्यातल्या फेऱ्यांवरचा तरी. सवलतीचे पैसे महिन्याच्या महिन्याला महामंडळाच्या खात्यात टाका, जसे तुम्ही लाडक्या बहिणींच्या खात्यात टाकता तसे. मुक्कामी, शाळा-कॉलेजच्या आणि आठवडे बाजाराच्या फेऱ्यांची वेगळी यादी प्रत्येक डेपोत करा आणि त्यांचा जो खर्च भरून निघत नाही तो जिल्हा नियोजनातून द्या, मानव विकास कार्यक्रमात मुलींना शाळेत नेणाऱ्या गाड्यांना सरकार पैसे देतंच की, तसंच. यादीतली फेरी बंद करायची असेल तर आधी ग्रामसभेत विचारा. रोज किती फेऱ्या रद्द झाल्या आणि का, ते स्टँडवर बोर्ड लावून लिहा, आम्हाला दाखल्याचे दर लिहायला लावता ना तसं. आता शाळेतच पास द्यायची सोय केली, मुलांचा रांगेतला दिवस वाचला, म्हणजे मनात आलं तर महामंडळाला जमतं.

आणि त्या वाचकांना एवढंच विचारतो की तुम्ही म्हणता तसं खासगी लोकांना द्यायचंच असेल तर टेंडर काढा, पण पुण्याची लाईन एकटी देऊ नका. जो पुण्याची लाईन घेईल त्याने त्याच भावात आमच्या पाड्याची मुक्कामी गाडीही घ्यायची, पहाटे सहाला सोडायची, मुलींचा पास चालवायचा, म्हाताऱ्यांना फुकट बसवायचं आणि मध्येच सोडून गेला तर अनामत जप्त, अशी अट त्या टेंडरमध्ये घाला. मग कोण कोण अर्ज भरतं ते याच पेपरात छापून येऊ द्या.

कळावे,
आपला एक नियमित वाचक
(आपले सरकार सेवा केंद्रचालक, जि. जळगाव)